चौरंगावरचं कार्ड

शनिवारी सकाळी दहा वाजता भूपेशने बायकोच्या लॅपटॉपचं पोट उघडलं आणि "दहा मिनिटमां बसाडस" म्हणून जो मांडी घालून बसला, तो साडेबारा वाजले तरी उठलेला नव्हता. रनाळ्यात कोणाच्या विहिरीतली मोटर रुसो, कोणाचा पंखा गुरगुरो, भूपेश पाना घेऊन हजर. उघडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता. पुन्हा बंद करण्याबद्दल मात्र गावकरी जरा बेताने बोलत.

झालं होतं असं की, लॅपटॉपमधलं वायरलेसचं कार्ड गुरुवारी गेलं. बरं, गेलं तर गेलं, एरवी कोण विचारतं! पण आज चार वाजता काजलची मुलाखत होती. कोल्हापूरकडच्या एका शेती कॉलेजात मृदाशास्त्र शिकवायची जागा. चार तज्ज्ञ समोर बसणार, ते पडद्यावर दिसणार, आणि काजलने त्यांना मातीचे तक्ते दाखवत बोलायचं. दोन वर्षं ती अशा जागेची वाट बघत होती.

"दादासना घरथून वायरच वढी ल्या ना," ती सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"आगो, वायरलेस शे ते. वायर लावी ते वायरलेस कसानं ऱ्हायनं?"

काजल तक्ते पाठ करत येरझाऱ्या घालू लागली.

घरातलं इंटरनेट खरं तर शेजारच्या छगनदादांचं होतं. भावाभावांची घरं, मधे एक भिंत, राऊटर भिंतीच्या पलीकडे. दादा चौदा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा भूपेश चौथीत होता, त्याला शाळेत सोडायला आणि पळून आला की मारून परत न्यायला दादाच. शेत अजून एकत्र. आणि याच दादांना भूपेशने कोल्हापूरचं काही सांगितलेलं नव्हतं. "काजलनी ऑनलाइन परीक्षा शे" एवढंच सांगून त्याने वेळ मारून नेली होती. दादा चिडतील याची त्याला भीती नव्हती. दादा काही न बोलता उठून शेतात निघून जातील, याची होती. आधी नोकरी तर लागू दे, मग सांगू, असं म्हणत तो रोज सांगायचं पुढे ढकलत होता.

नवं कार्ड त्याने नंदुरबारहून, हस्तीमलशेठच्या दुकानातून आणलं होतं. शेठचा जिनेश सकाळपासून फोनवर धडे देत होता. "भूपेशभाऊ, कार्ड आधी तिरकं घाला, मग दाबा. त्या दोन बारीक वायरी टिच आवाज करून बसल्या पाहिजेत. आणि चप्पल काढा बरं का. लाकडाच्या पाटावर बसा. अंगातला करंट लागला तर कार्ड गेलंच. धूळ नको, दार लावून घ्या, कोणाला हात लावू देऊ नका."

भूपेशने सांगितलं तसं सगळं केलं. अनवाणी पाटावर बसला. समोर चौरंग, चौरंगावर धुतलेलं पांढरं कापड, कापडावर लॅपटॉप. दार लोटलेलं. हे सगळं नीट केलं, इथेच घोटाळा झाला.

कारण दुसऱ्या दिवशी रविवारी कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीचा, सण होता, आणि कानबाई बसायची ती याच चौरंगावर. दरवर्षी शनिवारी चौरंग भिंत ओलांडून दादांकडे जायचा. तो न्यायला भिकुबाई आली. भिकुबाई ही दोघा भावांची आई, राहायला थोरल्याकडे. तिला ऐकायला जरा कमी येत होतं, पण सांगायला काही कमी येत नव्हतं.

"भूप्या, चौरंग दे रे! धोईसन ठेवना शे."

"आज नही, माय!" भूपेश आतून ओरडला. त्याच्या दातांत दोन स्क्रू होते आणि डोळे मिटून तो जिनेशचे धडे घोकत होता. "चौरंगवर लॅपटॉप शे, कार्ड बी बसाडेल शे!"

"काय बसाडेल शे?"

"कार्ड बी! कार्ड बी! हात लावू नको, दार लोटी ले!"

भिकुबाईने फटीतून डोकावलं. पांढरं कापड दिसलं. अनवाणी पाटावर बसलेला, डोळे मिटून ओठ हलवणारा मुलगा दिसला. ती मागे फिरली, आणि अंगणातून जाताना तिने डोळ्यांना पदर लावला.

आता ज्याला माहीत नाही त्याने विचारावं, एवढं रडण्यासारखं काय? तर आमच्याकडे एका कुळाची कानबाई एकाच घरात बसते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून त्याचा रोट होतो, आणि तो सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा. कोणी आपली कानबाई वेगळी बसवली की रोट वेगळा झाला, आणि रोट वेगळा झाला की नातं संपलं. शेताच्या वाटण्या झाल्या तरी चालतात, रोटाची वाटणी झाली की लोक एकमेकांच्या मयताला जायचे थांबतात.

भूप्याने आपली कानबाई वेगळी बसवली, ही बातमी भिकुबाईने थोरल्याला दिली. थोरल्याने समोरचं ताट बाजूला सारलं. त्याने फक्त प्रकाशा गावी फोन लावला, कुळातल्या सगळ्यात मोठ्या पितांबरआबांना.

एक वाजता आबांचा फोन भूपेशला आला.

"काय रे भूपेश, मी आईकं ते खरं शे का? तू न्यारं बसाडी ऱ्हायना?"

"हा आबा. सकायपाईन तेच करी ऱ्हायनू," भूपेश स्क्रू शोधत म्हणाला.

"आनि पह्यलं?"

"पह्यलामां काही दम नही ऱ्हायना, आबा. काढी टाकं."

पलीकडे आबांना ठसका लागला. "काढी टाकं? कोठे टाकं?"

"आठेच डब्बामां पडेल शे. स्क्रूससंगे."

"अरे, दादाले ते इचारं का?"

"दादाले कसाले तरास देवाना? नंदुरबारना जिनेशनी नवं दिन्हं. चायनानं शे, पन एक सालनी गॅरंटी शे."

पलीकडे आबा कोणाकडे तरी पिकअपची किल्ली मागत असल्याचं ऐकू आलं. मग आबा म्हणाले, "हात लावू नको कसाले. मी गाडी काढस."

भूपेशला भरून आलं. "दख," तो काजलला म्हणाला, "एक कार्डकरता आबा प्रकाशाथून येई ऱ्हायनात. येले म्हंतस मानूस."

"त्यासले स्क्रू गिनता येतस का, इचारी ल्या," काजल म्हणाली.

तीन वाजता एकदाचं कार्ड बसलं. अकरा स्क्रू काढले होते, नऊ परत लागले, पण लॅपटॉप सुरू झाला आणि पडद्यावर नेटची यादी आली. भूपेशने उडी मारली. यादीत दोन घरं पलीकडच्या डेअरीचं नेट होतं, समोरच्या मास्तरांचं होतं. दादांचं नव्हतं. त्याने बंद करून चालू केलं. नव्हतं. तो नऊ स्क्रू पुन्हा काढायला बसला.

"नका उघडू!" काजल जवळजवळ किंचाळली. साडी नेसून, केस बांधून ती तयार होती, फक्त चेहरा रडवेला झाला होता. "माले पंचावन्न मिनिटं शेत फक्त!"

भूपेशने जिनेशला फोन लावला. "भाऊ, शेजाऱ्यांचं दिसतंय म्हणजे कार्ड एकदम चांगलं आहे," जिनेश म्हणाला. "तुम्हाला ज्याचं पाहिजे, त्याच्याकडेच बंद असेल. जाऊन बघा ना."

भूपेश धावत पलीकडे गेला. छगनदादा ओसरीवर खाटेवर बसले होते आणि राऊटर त्यांच्या मांडीवर होता. वायर मनगटाला गुंडाळलेली.

"दादा, वायफाय बंद शे का?"

"शे."

"लाईट गई?"

"नही. मी काढं."

"कसाले हो? काजलनी परीक्षा शे चार वाजता!"

"तुन्ही कानबाईले मांग," दादा भिंतीकडे बघत म्हणाले. "ती दी तुले. रोट न्यारा, ते वायफाय बी न्यारं."

"कोना रोट?" भूपेशला काही म्हणता काही कळेना. तेवढ्यात दारात पिकअप थांबली आणि मागून आठ-नऊ भाऊबंद उतरले. पुढून पितांबरआबा. वाटेत ज्याला ज्याला कळलं तो तो चढत आला होता. अंगण भरलं. जो तो एकदम बोलू लागला. बाप गेल्यावर तुला कोणी सांभाळलं, म्हणाले. चायनाचं आणलं म्हणे, म्हणाले. जुनं डब्यात टाकलं, तुझा हात कसा झडला नाही, असंही एकजण म्हणाला. भूपेश घड्याळाकडे बघत होता. तीन पस्तीस.

"आबा, पाय धरस तुम्हना, पन मी करं काय?"

"चौरंग दखाड," आबा म्हणाले.

वरात भूपेशच्या घराकडे निघाली. उंबऱ्याशी सगळ्यांनी चपला काढल्या. राग असला तरी बसलेल्या कानबाईपुढे तसंच जाता येत नाही, म्हणून आबांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. मागच्या सगळ्यांनी जोडले. दार उघडलं. चौरंगावर काळा लॅपटॉप होता आणि त्यापुढे काजल, तोंडात पदराचं टोक धरून.

हात जोडलेले तसेच राहिले.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"लॅपटॉप," भूपेश म्हणाला.

"आनि तू काढी टाकं ते?"

भूपेशने डबा पुढे केला. आबांनी चष्मा लावला आणि नखाएवढा तो हिरवा तुकडा बोटांवर घेऊन उलटसुलट पाहिला. "हाई?"

"हा. कार्ड. वायफायनं."

मग सगळ्या माना हळूहळू भिकुबाईकडे वळल्या.

"मन्हाकडे काय दखतस?" ती उसळली. "तोंडमां स्क्रू धरीसन 'कार्ड बी' बोलस, माले 'कानबाई' आईकू येस, आनि नाव मन्हं!"

पहिला हसला तो मागचा कोणीतरी. मग आबा हसले, आणि त्यानंतर कोणालाच आवरेना. दादा तेवढे हसले नाहीत. ते राऊटर छातीशी धरून दारात उभे होते.

"माले वाटनं, तू न्यारा व्हयना," ते म्हणाले. "दुपारपाईन जेवनू नही मी."

भूपेश पुढे सरला. आत्ता सांगावं, याच क्षणी सांगावं. पण तीन बावन्न झाले होते, आणि दादा राऊटर घेऊन घराकडे पळत सुटले होते.

तीन अठ्ठावन्नला पडद्यावर दादांचं नेट दिसलं. काजल चौरंगासमोर बसली. बाहेर जायला कोणी तयार होईना, सूनबाईची परीक्षा बघायची होती. शेवटी दादांनी सगळ्यांना कॅमेऱ्याच्या मागे, भिंतीला टेकवून बसवलं आणि बोट दाखवून दम दिला, "जो मोबाईल काढी, त्याले सकाय रोट नही." दहा मोबाईल एकदम खिशात गेले.

मुलाखत झाली छानच. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा का पडतात, हे काजल सांगू लागली तेव्हा आबा जन्मभराच्या अनुभवाने मान हलवत होते. पडद्यावरचे चौघेही मान हलवत होते.

"काजलताई, शेवटचं," त्यातले चष्मेवाले सर म्हणाले. आवाज मोठा ठेवलेला होता, खोलीभर ऐकू आलं. "तुम्हाला इकडे कोल्हापूरलाच राहावं लागेल. मागच्या बाई घरच्यांना न विचारता आल्या आणि महिन्यात परत गेल्या. तुमचं घरच्यांशी बोलणं झालंय ना?"

एवढ्या माणसांदेखत खोटं कसं बोलणार? तिने भूपेशकडे पाहिलं. भूपेशने जमिनीकडे पाहिलं.

"कोल्हापूर?" दादा हळूच म्हणाले. "किती लांब शे?"

"सहाशे किलोमीटर."

"तू बी जाशी?"

"हा, दादा."

"आनि माले सांगं नही?"

"हिंमत नही व्हयनी," भूपेश म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. "तुम्ही गप बसतात, दादा. ते दखावत नही माले."

"आवाज येतोय का?" पडद्यावरून सर विचारत होते. "काजलताई? घरच्यांशी बोलणं झालंय का?"

दादांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग ते उठले, काजलच्या बाजूला गुडघे टेकून बसले आणि त्यांचा अर्धा चेहरा कॅमेऱ्यात आला.

"नमस्कार," ते शाळेतल्या मराठीत म्हणाले. "मी यांचा थोरला दीर. बोलणं झालंय. आत्ताच झालं. आमची काही हरकत नाही. फक्त दर श्रावणात कानबाईसाठी यांना चार दिवस घरी पाठवावं लागेल. तेवढं लिहून घ्या."

सर जरा गोंधळले. त्यांच्याकडे हा सण नसावा. "पाठवू की," ते म्हणाले. "पण कानबाई म्हणजे कोण? तुमच्या आई का?"

भिंतीपाशी कोणीतरी हसू दाबलं. आबा काहीतरी समजावून सांगायला पुढे सरकले, पण दादांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"हो," ते म्हणाले, "आईच."

सरांनी तसं लिहून घेतलं.