कदमबाईंची पाच नंबरची बाटली

कदमबाईंच्या देखत काहीही टाकून देता येत नाही. माझ्या डब्यातल्या लोणच्यावर बुरशी आली म्हणून मी एकदा ते स्टाफरूमच्या खिडकीतून भिरकावणार, तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं. "सर, जिवंत आहे ते!" पुढचे आठ दिवस माझं लोणचं तपासायच्या वह्यांशेजारी झाकून ठेवलेलं होतं आणि बाई रोज झाकण उघडून आनंदाने सांगत होत्या, "वाढतंय हो!"

पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा आहे. मी मराठी शिकवतो, बाई विज्ञान. रोज महाडहून सकाळच्या एसटीने येतात. पर्समध्ये कंगवा नसला तरी भिंग असतंच. कोणतीही वस्तू दिसली की बाईंचा पहिला प्रश्न, "पाणी दिलंत का?" आमचे शिपाई शिंदेमामा एकदा व्हरांड्यातला काळा दगड उचलून फेकायला निघाले, तर बाई तांब्या घेऊन हजर.

मामा वैतागले. "बाई, दगड हाय ह्यो, दगड! ह्याला काय पानी पाजताय?"

बाईंनी पाणी ओतलं. दगडावरचं वाळून काळं पडलेलं शेवाळ तासाभरात हिरवं दिसायला लागलं. तेव्हापासून मामा झाडू मारण्याआधी बाईंची परवानगी घेतात.

बाईंचं दुसरं पालुपद म्हणजे "तीन दिवस थांबा." तीन दिवस निरीक्षण केल्याशिवाय त्या कोणालाही मृत म्हणत नाहीत. माझा रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून होता तेव्हा मी चिडून म्हणालो, "बाई, हा माणूस हलत नाही, वाढत नाही, हाक मारली तर प्रतिसाद देत नाही."

"पण दुपारी डबा खातात," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "तीन दिवस थांबा."

आठवीच्या वर्गाला त्या दरवर्षी जूनच्या अखेरीस एक प्रयोग देतात. नंबर लावलेल्या चार बाटल्या, आत काय आहे ते सांगायचं नाही. सजीव की निर्जीव, मुलांनी ठरवायचं. तिसऱ्या बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीवर कोकमाचं आंबट आगळ पडलं आणि फेस उसळला की वर्ग बाकांवर चढतो. "जिवंत हाय, जिवंत हाय!" बाई चूक म्हणत नाहीत आणि बरोबरही म्हणत नाहीत. "लिहा," एवढंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो खाण्याचा सोडा गप्प पडलेला असतो आणि दोन नंबरच्या बाटलीतलं यीस्ट साखरपाणी पिऊन बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा फुगवून बसलेलं असतं. मुलं आपलं उत्तर आपणच खोडतात. उत्तर पाठ करणारी मुलं मीही घडवली आहेत. स्वतःचं उत्तर खोडून ताठ मानेने बसणारी मुलं मात्र बाईंचीच. मला त्यांचा हेवा वाटतो आणि अभिमान तर त्याहून जास्त वाटतो.

यंदा या प्रयोगात घोळ झाला, आणि तो मी घातला. बाई हजेरी घेत होत्या म्हणून बाटल्या मांडायचं काम मी अंगावर घेतलं. त्यांच्या पर्सशेजारी औषधाची एक जुनी बाटली होती. आत राखेत मिसळलेले बारीक तांबूस दाणे. मी तिच्यावर पाच नंबर चिकटवला आणि तीही रांगेत ठेवली. बाई येईपर्यंत मुलांनी त्यातले वीस दाणे मोजून पाण्यात टाकलेही होते.

बाईंनी ते पाहिलं आणि हातातला खडू खाली ठेवला.  स्टाफरूममध्ये आल्यावर मला म्हणाल्या, "आईची नाचणी आहे ती. तिने राखेत घालून ठेवलेलं शेवटचं बियाणं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. गावचं घर बंद आहे, जमीन पडीक आहे. एवढंच राहिलंय, ते पर्समध्ये घेऊन फिरते."

मी ओशाळलो. तरी तोंडातून निघालंच, "नऊ वर्षांत तुम्ही एकदाही पाणी देऊन बघितलं नाहीत? तुम्ही?"

"मेलेलं निघालं असतं तर?" बाई म्हणाल्या.



दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवले होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बाई वर्गात शिरताना खिडकीकडे बघायचं टाळत. तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं, दाणे जसेच्या तसे. मुलांनी लिहिलं, 'मृत'. बाईंनीही लाल पेन उचललं. नियम तो नियम.

"मी नाय लिवनार." ही सुगंधा. वरच्या धनगरवाडीवरून तासभर डोंगर उतरून येणारी मुलगी. हजेरीखेरीज तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"तीन दिवस झाले, सुगंधा."

"जुना बी हाय बाई. त्याला उठाया येळ लागतो. आमची आजी फडकं चुलीजवळ ठेवते, खिडकीत नाय."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.  त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पुरावा आण."

त्या दिवशी फडकं शाळेतल्या खिचडीच्या चुलीपाशी गेलं. शनिवारी शाळा सुटताना सुगंधाने ते ओलं करून स्वतःच्या घरी नेलं. सोमवारी सकाळी ती दोन्ही हातांच्या ओंजळीत फडकं धरून डोंगर उतरली आणि थेट स्टाफरूममध्ये आली. दप्तर घरीच राहिलं होतं.

बाईंनी भिंग लावलं, काढलं, पदराने पुसलं, पुन्हा लावलं. "धुरकट झालंय हे. सर, तुम्ही मोजा."

भिंग स्वच्छ होतं. मी मोजलं. अकरा दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

"परत मोजा."

अकराच होते. बाईंनी सुगंधाला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तास सुरू झाल्याची घंटा वाजून गेली तरी हलल्या नाहीत. मुख्याध्यापक दारापर्यंत आले आणि न बोलता परत गेले. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं.

कोंब आणि बाटलीतलं उरलेलं बियाणं बाईंनी सुगंधाच्या आजीकडे धाडलं. आजीने डोंगरावरच्या आपल्या तुकड्यात एक कोपरा त्याला दिला. बाई दर सोमवारी विचारत, सुगंधा हाताने उंची दाखवत असे. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुगंधा एक पुडकं घेऊन आली. पुढच्या वर्षाचं बियाणं आजीने राखेत घालून ठेवलं होतं. उरलेली नाचणी दळून तिने एक भाकरी थापली होती. एकच.

एरवी बाईंचा डबा म्हणजे सगळ्या स्टाफचा डबा. त्या दिवशी त्या खिडकीपाशी पाठ करून बसल्या आणि ती भाकरी कोरडीच, एकट्याच, शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिल्या. आमच्यापैकी कोणीही घास मागितला नाही.