आई मागून येईल

नियोजन बघायचं असेल तर माझं बघा! मी बस आगारात वेळापत्रकं बनवतो. कुठली बस कधी सुटणार, कुठे थांबणार, ड्रायव्हर चहा कुठे पिणार, सगळं माझ्या डोक्यात तयार असतं. आता बस त्या वेळेला सुटत नाही, हा बसचा दोष झाला. वेळापत्रकात चूक काढून दाखवा!

तर अशा माणसाने घरची सहल ठरवली. बेटावर! समुद्र, वाळू, नारळाची झाडं, खोलीच्या दारात लाटा. मी, बायको, थोरली बहीण म्हणजे ताई, आमची पाच वर्षांची चिमणी आणि माझे वडील, अण्णा. आणि आई. खरं सांगायचं तर सहल तिच्यासाठीच होती. आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण निघायच्या आधीच ती आजारी पडली आणि गेली. सहल तेवढी पुढे ढकलता आली.

अण्णा पेशाने शिंपी. दिवसभर मशीन चालवायचे आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून आईशी भांडायचे. ती गेली आणि त्यांनी मशीनवर चादर टाकली. तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. रडले नाहीत, आईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दोन घास खायचे आणि खिडकीशी बसायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला आणि त्यांनी तो उसवून आत घेतलासुद्धा नाही! डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हे हातचे जातील. जरा बाहेर न्या, मोकळं करा त्यांना." मोकळं कसं करायचं ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते काम मी अंगावर घेतलं.

मी अण्णा सोडून सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा केलं. "नियम एकच! अण्णांसमोर आईचं नाव काढायचं नाही. बेटावर तर मुळीच नाही!"

"अहो, पण माणूस बोलला की हलका होतो ना?" बायको म्हणाली.

"खपली धरलेली जखम कुणी ओरबाडतं का? माझ्याकडे बघ. एक टिपूस तरी काढलं का मी?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि भांडी लावायला लागली. बायकांना खंबीर माणसाची किंमत नसते.

मग मी बेटावरच्या मॅनेजरला फोन लावला. पूर्वी बुकिंग करताना मी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला पायऱ्या नकोत, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. आता फक्त एवढंच सांगायचं होतं, की सहातला एक माणूस कमी करा.

"कोण येत नाहीये साहेब?" त्याने विचारलं.

"आई," मी म्हणालो. पुढचा शब्द अगदी तयार होता. तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघावं? "आई मागून येईल!"

"मागून? काही हरकत नाही! आम्ही आहोत ना!" म्हणत त्याने फोन ठेवला. म्हटलं जाऊ दे, तिथे गेल्यावर सांगू. एवढंसं तर सांगायचंय.

बोटीतून उतरलो तर धक्क्यावर मॅनेजर हजर! गोल गरगरीत, हसरा, हातात शिंपल्यांच्या माळा. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक घातली आणि एक उरली.

"ही आजींची! त्या मागून येणार आहेत ना?" तो अण्णांसमोरच म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला असा काही खोकला लागला, की बायकोला माझी पाठ चोळावी लागली. ताईने घाईघाईने "अय्या, केवढा समुद्र!" म्हणून विषय बदलला. जसा काही समुद्र तोपर्यंत लपून बसला होता!

सामान टाकलं आणि मी तडक मॅनेजरच्या खोलीत गेलो. आता स्पष्ट सांगायचं, एक घाव दोन तुकडे!

"या या साहेब! चला, खोली दाखवतो." त्याने मला ओढतच नेलं. अण्णांची खोली तळमजल्यावर होती. एकही पायरी नाही. दाराशी उंच पाठीची खुर्ची, समोर समुद्र. खुर्चीवर मऊ गादी.

"गुडघ्यांना बरी म्हणून मी मुद्दाम माझ्या घरून आणली. आमच्या मातोश्री यावरच बसायच्या. आजींना काय चालत नाही, ते तेवढं सांगा."

मी त्या खुर्चीकडे बघत राहिलो. "मीठ कमी," मी म्हणालो. "आणि चहा अगदी कडक."

आईचा विषय संपवायला गेलो आणि तिच्या जेवणाची ऑर्डर देऊन आलो! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी जेवायला बसलो, तर टेबलावर सहावं ताट. उपडं घालून ठेवलेलं. शेजारी कमी मिठाची वाटी, वर झाकण. आम्ही सगळे त्या ताटाकडे न बघता जेवत होतो. भिंती बघितल्या, छत बघितलं, एकमेकांची ताटं बघितली. अण्णांनी मात्र हात लांब करून त्या ताटाशेजारचा वाकडा चमचा सरळ केला.

सकाळी उठून बघतो, तर मॅनेजर धक्क्यावर उभा. हातात पाटी, पाटीवर मोठ्या अक्षरांत आईचं नाव! बोट यायची होती आणि अण्णा त्याच बाजूला फिरायला निघालेले! मी बायकोला म्हटलं, "धाव! काहीही कर, पण ती पाटी खाली उतरव!"

बायको धावली. मॅनेजरला म्हणाली, "अहो, आल्या त्या! कालच्या शेवटच्या बोटीने आल्या. झोपल्यात खोलीत."

मॅनेजर खूश! लगेच कडक चहा घेऊन खोलीवर गेला. खोली झाडणारी बाई म्हणाली, "इथे कुणी आजी नाहीत. पलंगाच्या एकाच बाजूला कुणीतरी झोपलेलं दिसतंय, दुसरी बाजू जशीच्या तशी आहे." मॅनेजरने ताईला गाठलं. ताईला बायकोची थाप ठाऊकच नव्हती. पण नियम ठाऊक होता आणि अण्णा मागून येत होते. तिने आपल्या मनाने ठोकून दिलं, "आई ना? ती किनाऱ्यावर फिरायला गेलीय. एकटीच. येईल इतक्यात."

मॅनेजर किनाऱ्यावर गेला. तिथे आजी नाहीत. हॉटेलच्या मागे नाहीत, बागेत नाहीत. त्याचं हसू उतरायला लागलं. शेवटी तो लाइफगार्डकडे गेला. लाइफगार्ड उंच लाकडी खुर्चीवर बसला होता आणि खुर्चीखालच्या सावलीत आमची चिमणी वाळूचा डोंगर करत होती.

"तुझी आजी पाहिलीस का गं?" मॅनेजरने विचारलं.

"आजी समुद्राच्या पलीकडे गेली," चिमणी म्हणाली. आई गेली तेव्हा ताईनेच तिला तसं सांगितलं होतं. लहान पोरीला दुसरं काय सांगणार?

लाइफगार्ड ताडकन उभा राहिला. "समुद्रात? कशी गेली?"

"माहीत नाही. तिला पोहता येत नाही," चिमणी म्हणाली आणि तिने डोंगरावर आणखी एक मूठ वाळू टाकली.

शिट्टी! एक नाही, एकापाठोपाठ शिट्ट्या! मी लांब उभा होतो. पायाखालची वाळू सरकली, आणि हा नुसता वाक्प्रचार नव्हे, लाट आली होती. बघता बघता दोन होड्या पाण्यात शिरल्या. पाहुणे हातात हात धरून रांगेने समुद्रात उतरले. एक नवरा-बायको आदल्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांनीसुद्धा हात धरले. मॅनेजर भोंग्यातून आईचं नाव घेऊन हाका मारत होता आणि रडत होता. "आजी! आजी, घाबरू नका! आम्ही येतोय!"

सगळा समुद्र माझ्या आईला शोधत होता.

"थांबा! अहो थांबा! ती समुद्रात नाहीये!" मी ओरडत पाण्यात धावलो.

"मुलगा आहे तिचा! धरा त्याला! डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, जीव देतोय!" कुणीतरी ओरडलं. दोन धिप्पाड पाहुण्यांनी मला उचलून वाळूत आणलं आणि एकजण पाठीवर, एकजण पायांवर असे बसले. माझ्या तोंडात वाळू गेली. "ती गेलीय हो!" मी म्हणालो. "नाही नाही, असं बोलू नका, मिळतील त्या," पाठीवरचा म्हणाला. माणूस फार प्रेमळ होता. वजनही तसंच होतं.

आणि मग मला अण्णा दिसले. ते चपला हातात घेऊन वाळूतून येत होते. लाइफगार्ड त्यांच्याकडे धावला. संपलं सगळं! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांनाच आता हा पोरगेला माणूस विचारणार! मी हातपाय झाडले. पाठीवरच्याने मला थोपटलं.

"आजोबा, त्या तुमच्या मिसेस ना? कशा दिसतात ते लवकर सांगा. उंची? बांधा?"

अण्णांनी समुद्राकडे पाहिलं. होड्यांकडे, हातात हात धरलेल्या माणसांकडे पाहिलं. भोंग्यातून येणारं नाव ऐकलं. मग त्यांनी घसा साफ केला. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी.

"उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी," अण्णा म्हणाले. "अंगाने बारीक. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. माहेरी लहानपणापासून घागरी उचलल्या तिने. तिचं काहीही शिवलं, की मी डाव्या खांद्यात आतून कापडाची एक घडी जास्त घालायचो. खांदे सारखे दिसायचे. कुणाला कळलं नाही कधी. तिलाही नाही. आरशात बघून म्हणायची, तुमचं शिवलेलं मला बरोब्बर बसतं."

"अंगावर काय आहे त्यांच्या?"

"निळं पोलकं. बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. इथे यायचं म्हणून शिवायला घेतलं होतं. समुद्रावर निळं कशाला, दिसायचीसुद्धा नाहीस, म्हणालो मी. तर म्हणाली, तुम्ही शोधाल की." अण्णा थांबले. "गळ्याची पट्टी राहिली लावायची. मशीनवर तसंच आहे. चादरीखाली."

लाइफगार्डचा चेहरा बदलला. "आजोबा," तो हळूच म्हणाला, "त्यांना शेवटचं कुठे पाहिलंत?"

"दवाखान्यात."

लाइफगार्डने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग हात उंच करून होड्यांना परत यायची खूण केली. भोंगा थांबला. लोक एकेक करून पाण्याबाहेर आले, पण गेलं कुणीच नाही. माझ्या पाठीवरचा उठला, पायांवरचाही उठला. लाइफगार्ड अण्णांसमोर वाळूत बसला. अण्णाही बसले आणि रडायला लागले. लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं टाकून. मॅनेजर भोंगा बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसला आणि तोही रडायला लागला.

"माफ करा हो," अण्णा त्याला म्हणाले. "तुम्हाला उगीच त्रास झाला. पण घरात तिचं नाव कुणी काढतच नाही. मला वाटलं, हे लोक विसरले तिला. मग मी एकट्यानेच कशाला काढू? आज या माणसाने विचारलं, कशी दिसते म्हणून. फार बरं वाटलं."

बायको आणि ताई माझ्याकडे बघत होत्या. काय करायचं बाकी ठेवलं होतं मी! मी अंगावरची वाळू झटकत पुढे झालो. म्हटलं, नियम आपण केला, खुलासाही आपणच करायचा. शांतपणे, मुद्देसूद, खंबीरपणे.

"अण्णा, तसं नाहीये," मी सुरुवात केली. "मी फक्त तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. विसरू कसं? मी मॅनेजरना सांगितलंय ना, मीठ कमी, चहा कडक. आई..."

बस्स. पुढचं काही आलंच नाही. त्याऐवजी माझ्या पोटातून असा आवाज निघाला, जसा बंद पडलेली बस धक्का मारून सुरू करताना निघतो. मी मटकन खाली बसलो आणि भोकाड पसरलं. भर किनाऱ्यावर, शंभर लोकांसमोर, चाळिशी उलटलेला माणूस! थांबेचना! लाइफगार्ड घाबरून उठला आणि धावत जाऊन औषधांची पेटी घेऊन आला. "काय लागलं यांना? काच गेली का पायात? बघू!"

अण्णांनी डोळे पुसले, माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि मला थोपटत त्याला म्हणाले, "ठेवा ती पेटी. काही लागलेलं नाही त्याला. त्याची आई गेलीय."