साडेचारच्या आत

आमच्या गल्लीत झाडे सरांना लग्नाची पत्रिका कोणी देत नाही. लग्न लागून, मांडव सुटला की मग पेढे नेऊन देतात. त्याआधी सरांच्या कानावर बातमी गेली, तर सर सायकल काढतात, त्या घरी जातात आणि दारात उभ्या-उभ्याच विचारतात, "पोट्टा-पोट्टीचं रक्त तपासलं का जी?"

हळदीच्या घरात असं विचारल्यावर काय होतं ते सांगायला नको. एकदा त्यांच्या अंगावर हळदीच्या पाण्याची आख्खी बादली पडली. सर तसेच कॉलेजात आले. प्रिन्सिपॉल म्हणाले, "झाडे, लगन केलं का काय?"

"नाई जी," सर म्हणाले. "एक थांबवलं."

झाडे सर हिंगणघाटच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी तिथंच प्रयोगशाळा सहायक. त्यांचं घर माझ्या घरासमोर. एकटा माणूस, दोन खोल्या, एक सायकल. चोवीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्याबद्दल लोकांना हसवण्यासाठी पुष्कळ सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती त्यांच्याइतकीच माझीही आहे. आज सांगतो.

आधी हसण्यासारखं सांगून घेतो.

सरांचं वेड म्हणजे प्रोटीन. ताकदीसाठी दुधात टाकून पितात ते नव्हे. सर म्हणायचे, "प्रोटीन म्हंजे माळ हाय. अमिनो आम्लं म्हंजे मणी. पण माळ काही सरळ राह्यत नाई, तिची घडी होते. घडी झाली का तिसरा मणी जाऊन साठाव्याच्या मांडीवर बसते. कोण कोणाले लागून हाय, त्याच्यावर सारं काम."

जगभरच्या संशोधकांनी उलगडलेल्या या घड्या इंटरनेटवर फुकट मिळतात. सर एक घडी उतरवून घेत आणि प्रत्येक मण्याला कोणता मणी लागून आहे ते काढत. लागून म्हणजे किती? साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. कॉम्प्युटर ही यादी मिनिटभरात देतो. सर ती यादी समोर ठेवून पुन्हा लांब वहीत हातानं उतरवत. मी एकदा विचारलं, "सर, छापून काऊन नाई घेत?"

"कॉम्प्युटरनं मोजलं, भाऊ. मले अजून समजाचं हाय."

हे साडेचारचं माप मग माणसांनाही लागलं. कोणाच्या भावकीत भांडण झालं की सर म्हणत, "ते साडेचारच्या बाहेर गेले." नागपूरच्या मुलाचा फोन रोज येतो असं कोणी सांगितलं की, "रांगेत दूर, घडीत जवळ. चांगलं हाय." माझी सासू महिनाभर राहायला आली तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "किती आतमंदी हाय? साडेचार का तीन?"

गॅदरिंगची गोष्ट तर अजून कॉलेजात सांगतात. सरांनी मुलांना शिकवायला एकशे शेहेचाळीस मण्यांच्या दोन माळा केल्या होत्या. हिमोग्लोबिनमधली एक साखळी तेवढ्या मण्यांची असते. सहावा मणी लाल, पंच्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचे हिरवे, बाकी पांढरे. त्या वर्षी फुलांचे हार वेळेवर आले नाहीत. शिपायानं प्रयोगशाळेतून या दोन माळा आणल्या, आणि प्रिन्सिपॉलनी त्या दोन्ही पाहुण्यांच्या गळ्यात घातल्या. पाहुणे एकाच सोफ्यावर, खेटून बसलेले. पहिल्या भाषणातच सर मागच्या रांगेतून उठून स्टेजवर गेले.

"साहेब, तुमी थोडं तिकडं सरका."

"का हो?"

"तुमचा सहावा यांच्या पंच्याऐंशीत जाऊन बसला."

पाहुण्यांनी आधी आपल्या पँटीकडे पाहिलं. सभागृहात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी वाकून दोन्ही माळा हलक्या हातानं वेगळ्या केल्या, मधे बोटभर जागा ठेवली आणि खाली येऊन बसले. मी पोट धरून हसत होतो.

सर का हसले नाहीत, ते आमच्या भागातल्या माणसाला तरी समजायला हवं होतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं नाव इथं न शिकलेल्यालाही माहीत असतं. सगळं त्या सहाव्या मण्याचं आहे. तो एक मणी बदललेला असला, की शेजारच्या माळेतल्या पंच्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या खोबणीत जाऊन बसतो. तिचा तिसरीत, तिसरीचा चौथीत. माळांचे दोर होतात, रक्ताची गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसेत अडकते. मग हातपाय असे दुखतात की मोठा माणूस भिंतीवर डोकं आपटतो. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला तर माणूस नुसता वाहक. त्याला सहसा काहीच होत नाही, चारचौघांसारखं जगतो. दोन वाहकांचं लग्न झालं की मात्र लेकराच्या बाबतीत जुगार.

सर स्वतः वाहक. जिच्याशी त्यांचं जमलं होतं ती रोहणा गावची मुलगीही वाहक निघाली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, माझ्या घरी पोहे खाताना. "पहिलं लगन मी माह्यंच मोडलं, भाऊ. मंग दुसऱ्याचं मोडाची लाज नाई वाटली." आणि वर कांदा मागितला.

दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे पोहे खायला येत. गल्लीत दुसरं दार त्यांना उघडं नव्हतं. माझी बायको मंदा कुरकुरायची, पण त्यांच्या ताटलीत शेंगदाणे जास्त टाकायची. माझी मुलगी वैशाली लहानपणी त्यांच्या माळांशी खेळूनच मोठी झाली.

आता ती गोष्ट.

वैशाली कॉलेजात असताना सरांनी तपासणी शिबिर घेतलं. नोंदी सरांनी लिहिल्या, रिपोर्ट वाटायचं काम माझं. वैशालीच्या रिपोर्टवर 'वाहक' असं होतं. तिनं विचारलं, "बाबा, माह्या रिपोर्ट काय आला?" मी म्हणालो, "काई नाई, साफ हाय." पोरीच्या डोक्याला ताप कशाला, एवढाच विचार तेव्हा होता.

पुढं तिचं पहिलं स्थळ आलं तेव्हा तिच्या नकळत मी तो कागद मुलाच्या बापाला दाखवला. वाहक म्हणजे आजारी नव्हे, तुमच्या मुलाचं तेवढं तपासा, असंही सांगितलं. ती माणसं चहा अर्धा टाकून उठली. पुढची तीन वर्षं स्थळ नाही. मग वडनेरचा मुलगा आला. स्वतःचं दुकान, निर्व्यसनी, वैशालीला पसंत. या खेपेला मी कागद कपाटात, जुन्या स्वेटरखाली ठेवला. सगळ्यांनाच थोडं असतं, म्हटलं. मुलगा साफच असेल. त्याला तपासायला सांगावं तर ते उलट आमचंच विचारतील.

रविवारी सरांनी पोह्यांचा घास तोंडापाशी थांबवला. "रिपोर्ट पाह्यले का भाऊ? दोघाईचे?"

"पाह्यले. दोघंई साफ."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." ताटलीत अर्धे पोहे तसेच होते. हा माणूस कोणत्याही उत्तरावर चार प्रश्न विचारणारा. 'बरं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तरी मला त्या वेळी सुटल्यासारखंच वाटलं.

सोहम, माझा नातू, दहा महिन्यांचा असताना त्याचे तळहात आणि पावलं सुजली. रडून रडून आवाज गेला. डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि आई-बाप दोघांनाही तपासलं. दोघंही वाहक. वैशाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, त्या शिबिराचा रिपोर्ट चुकला असंन नाई का?"

मी मान हलवली. होकाराची.

चार वर्षं तो होकार माझ्या मानेवर बसून राहिला. तेवढ्या काळात सोहमला सहा वेळा भरती केलं. प्रत्येक वेळी सर डबा घेऊन हजर. पोराला पाणी पाजायचं, मोजून. गरम फडक्यानं पाय शेकायचे. माळा घालून दाखवायच्या. आणि वैशाली दर वेळी कोणाला ना कोणाला सांगायची, "मीच पुन्हा तपासून घ्याले पाह्यजे होतं. माह्यीच चुकी."

शेवटी एका दुपारी मी समोरचं दार ठोठावलं. सर वहीत यादी उतरवत बसले होते. मी उभ्या-उभ्याच बोललो. "सर, मी खोटं बोललो होतो. पोट्टीचा रिपोर्ट मले मालूम होता."

सरांनी पेनचं टोपण लावलं. "मलेई मालूम होता, भाऊ. नोंद म्याच लिहिली होती."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "मंग बोलले काऊन नाई? साऱ्या गावाचे लगनं मोडले, आन् माह्याच पोरीच्या वेळी..."

"तुमच्या घरचं मोडलं असतं," ते म्हणाले, "त मी रविवारी कोठं गेलो असतो?"

चोवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा खाली मान घातलेलं पाहिलं. शिव्या द्याव्या असं फार वाटलं. पण कोणत्या तोंडानं देणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसनं वडनेरला गेलो. वैशाली दुसऱ्या लेकराचा विचार करत होती, आता तिला काहीच न सांगून चालणार नव्हतं. गर्भाच्या तपासण्यांचं सर सांगणार होते, कागदाचं मी. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तारीख वाचली, नाव वाचलं. सर म्हणाले, "बाई, मलेई मालूम होतं. दोघाईले शिक्षा दे."

ती आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती पाण्याचा एकच पेला घेऊन. तो तिनं सरांना दिला.

"तुमी बाहेरचे होते सर," ती म्हणाली. "बाबा घरचे होते."

म्हणजे सरांना माफी मिळाली. निघताना मात्र त्यांनी दोनदा उलट्या पायात चप्पल घातली. बसमधे, वेणा नदीचा पूल आल्यावर, ते म्हणाले, "बाहेरचा." आणि खिडकीकडे तोंड केलं.

याला आठ महिने झाले. वैशाली माझ्याशी बोलत नाही. मंदाशी बोलते, पण कामापुरतं. मंदाही माझ्याशी कामापुरतंच बोलते. सरांच्या ताटलीत हल्ली जास्तीचे शेंगदाणे नसतात. तरी ते येतात, असतील तेवढे खातात.

वैशालीचा फोन दर रविवारी सरांना येतो. सोहम किती पाणी पितो, पाय दुखला का, दुसऱ्यासाठी कोणती तपासणी कधी करायची, ते ती त्यांना विचारते. फोन आला की सर उठून अंगणात जात. मी आत बसून त्यांचं "हो बाई, हो बाई" ऐकायचो.

मागच्या रविवारी ते उठले नाहीत. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि एका बोटानं तो माझ्याकडे सरकवत आणला. थांबले, अंदाज घेतला, अजून थोडा सरकवला. पलीकडे वैशाली सांगत होती, सोहमनं माळ तोडली, मणी सारे कोचाखाली गेले. आवाज घुमल्यासारखा वाटला असावा, ती बोलता बोलता थांबली.

"सर, तिथं अजून कोणी हाय का?"

मी खुर्चीतून उठायला लागलो. सरांनी माझं मनगट धरलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. गप्प बसता येतं, एवढंच.

"हाय," ते म्हणाले.

ताटलीतले पोहे निवले. मंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"एक लाल मणी सापडून नाई राह्यला," वैशाली म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.