ह्यांच्या दातांतलं तूप

आमच्या घरात शिस्त म्हणजे मी! कॉलेज नशिबात नव्हतं, पण आमची लेक उत्तरा, तिची दातांच्या डॉक्टरकीची सगळी पुस्तकं मीही वाचलीत. तिचा प्रबंध दातांवरच्या कीटणावर. त्यात कोणती फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेलातुपातली आम्लं, किती, ते प्रयोगशाळेतलं यंत्र रेघा काढून सांगतं. तीस माणसांचं कीटण हवं होतं. एकोणतीस झाली, तिसावे आमचे हे, मार्तंडराव!

अट एवढीच: दोन दिवस ब्रश नाही, आणि नमुना द्यायच्या सकाळी तोंडात कण नाही. पहाऱ्याला मी! ब्रश जप्त केला, डबे फळीवर चढवले, मे महिन्याच्या भट्टीत ह्यांना स्कूटरवर घालून स्वतः तिच्या कॉलेजात पोचवलं. आता सांगा, चूक होईल?

बुधवारी उत्तराचा रडका फोन.

"आई, बाबांची रेघ छताले टेकली वं! गाईड मॅडम म्हणतात हे कीटण नाही, तूप आहे. शनिवारपर्यंत तिसावा नमुना नाही आला, त प्रबंध सहा महिने लटकला!"

माझी कवटी अशी तापली, की वर भाकर भाजून निघाली असती!

"काय गिळलं? बोला!"

"काही नाही वं. आईशपथ!"

"त मग तूप काय हिरड्यांतून पाझरून राहिलं?"

खिसे उलटे केले. रुमाल हुंगला. प्रताप नगरच्या मिठाईवाल्याला फोनवर झाप झाप झापलं. तो म्हणाला, "काकू, साहेब दिवाळीपासून फिरकले नाहीत. पेढे त तुम्हीच नेऊन राहिल्या ना!"

फोन आपटला. लेकीचा प्रबंध लटकतोय आणि हा माणूस ढिम्म! तेव्हा कुठे हे हळूच म्हणाले, "तारा, त्या दिवशी निघताना माझे ओठ उन्हानं फुटले होते. त्यावर बोटभर तूप कोणी चोपडलं?"

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"मग तेव्हाच काहून नाही बोलले?"

"तुह्यं बोट होतं ना वं तोंडात!"

मॅडमनी ह्यांचं तोंड बाद केलं, दुसरं आणा म्हणाल्या. एवढ्या घाईत दुसरं कुठलं? माझंच! दोन दिवस बिनब्रशची फणफणत बसले. शनिवारी निघताना ह्यांनी तुपाचा डबा कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "चाल."

ओठ माझेही फुटले होते हो. पण सांगणार कोणत्या तोंडानं!