काकूंचं छब्बीस

महूजवळच्या राऊ गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन माणसाला लोक आपलं नाव सांगतात. वानखेडे काकू डोळ्याचं प्रेशर सांगायच्या. साताऱ्याहून इथल्या कॉलेजात नोकरीला आलो तेव्हा समोरच्या दाराची बेल वाजवून मी विचारलं, पाणी कधी येतं? त्या म्हणाल्या, "पाणी सकाळी येतं. आणि माझं छब्बीस आहे." मला वाटलं, फ्लॅट नंबर सांगताहेत.

बीपी आणि शुगरवाल्यांना त्या हिशेबातच धरत नसत. "अरे भिया, ते तो सबको असतं. आँखों का प्रेशर स्पेशल असतं." या स्पेशल दुखण्याच्या जोरावर त्यांनी विहारात पंख्याखालची खुर्ची मिळवली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद हातचा जायला लागला की त्या डोळ्यावर हात ठेवत आणि सेक्रेटरी लगेच माघार घेत. पोह्यांवर खारट जीरावन मसाला मात्र दुप्पट घ्यायच्या. त्याचा प्रेशरशी काही संबंध नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं होतं.

वडील महूच्या छावणीत सुभेदार, त्यामुळे काकू कुणाच्या बापाला घाबरत नसत. पण औषधाची बाटली जवळ आली की डोळा गच्च मिटून घ्यायच्या. काका गेल्यापासून घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून थेंब टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. थेंब टाकल्यावर डोळे मिटून, कोपरा बोटाने दाबून थोडा वेळ बसायचं असतं. काकूंचे डोळे मिटले की तोंड सुरू व्हायचं. तेवढ्यात सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या होऊन जात आणि निघताना हातात भुट्ट्याच्या किसाची वाटी येई. मी रोज संध्याकाळी कुरकुरत जायचो, पण जायचो. माझ्याही घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

यंदा जुने डॉक्टर गाव सोडून गेले, म्हणून मी काकूंना एका नव्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी प्रेशरबरोबर डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याची जाडीही मोजली, आतली नस तपासली, नजर तपासली आणि हसल्या. काकूंचा पडदा चांगलाच जाड होता. यंत्र तो पडदा दाबून प्रेशर मोजतं, त्यामुळे आकडा फुगून येतो. जाड पारीची कचोरी बोटाला कडक लागते, म्हणून आत सारण ठासून भरलेलं असतंच असं नाही, असं त्यांनी समजावलं. नस आणि नजर ठणठणीत होती. थेंब बंद करून बघू, म्हणाल्या.

मी काकूंचं अभिनंदन केलं. त्यांचा चेहरा पेन्शन बंद झाल्यासारखा झाला होता.

"मग हा संध्याकाळी कशाला येईल?" हे त्यांनी मला नाही, डॉक्टरांना विचारलं.

मग सूड म्हणून की काय, काकूंनी मलाच खुर्चीत बसवलं आणि याचंही मोजा म्हणाल्या. माझं प्रेशर अगदी नॉर्मल निघालं. तरी काकू हटेनात. "माझी जाडी बघितली, तर याचीही बघा." बघितली. माझा पडदा पातळ होता. डॉक्टरांनी माझी नस पाहिली, नजरेची तपासणी केली आणि या वेळी त्या हसल्या नाहीत. पातळ पडद्यावर यंत्र कमी दाखवतं. माझं खरं प्रेशर जास्त होतं आणि नस थोडी दुखावलीही होती. वेळेत आलात, म्हणाल्या. थेंब आजपासून, बहुतेक कायमचे.

रिक्षात मी म्हणालो की आता बिल्डिंगमध्ये स्पेशल मी. काकू हसल्या नाहीत. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "माझं झूठ निघालं ते ठीक. तुझं सच कशाला निघायला हवं होतं रे?"

या गावात माझ्यासाठी कुणी रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघत बसलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू उभ्या होत्या. साबणाने धुतलेले हात अजून ओले होते.

"तू यायचं नाही आता," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन."

मी खुर्चीत बसून मान मागे टाकली. त्यांनी माझी पापणी धरली. बाटली जवळ आणताना त्यांनी स्वतःचाच एक डोळा गच्च मिटून घेतला.