सोमाजी कोतवालाचे निरोप्ये

सोमाजी पंधरे यांना चहात साखर कमी वाटली की ते चार वर्षांच्या एखाद्या पोराला हाक मारत. पोरगं आलं की त्याच्या कानाशी वाकत आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "तिले सांग, चहा फिका झाला."

ती म्हणजे सुकवारोबाई. त्या पाच हातांवर चुलीपुढे बसलेल्या असत आणि त्यांचे कान ठणठणीत होते. पण पोरगं तिथवर चालत जाऊन, समोर उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. मग डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून त्या पोराला उत्तर देत आणि पोरगं ते घेऊन सोमाजींकडे परत येई. सगळं गोंडीत चाले. मी तुमच्या-माझ्या सोयीसाठी मराठीत सांगतो आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोघांचं जुनं भांडण असणार. तसं काही नव्हतं. सुकवारोबाई या सोमाजींच्या धाकट्या भावाच्या विधवा. म्हणजे सोमाजी त्यांचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याने आणि भावसुनेने एकमेकांशी बोलायचं नाही, तोंडाला तोंड द्यायचं नाही, हा तिथला रिवाज. गावातली तरुण मंडळी आता तो फारसा पाळत नव्हती. सोमाजी मात्र पाळत, आणि नुसते पाळत नसत तर त्यात त्यांना एक प्रकारची ऐटही वाटे.

हे सगळं घडत होतं एका शाळेत, हे सांगायचं राहिलंच. देवरीच्या पुढे, हायवे सोडून आत जंगलाच्या कडेला एक गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मी मास्तर होतो. घर गोंदियाजवळ मुर्रीला, खोली देवरीला, आणि जीव दोन्हीच्या मधल्या बसमध्ये अशी माझी नोकरी. आमच्या शाळेसमोरच्या समाजमंदिरात दोन हजार चार-पाचच्या सुमारास एका संस्थेने गोंडी बालशाळा काढली. तीन ते सहा वर्षांची पोरं सकाळी यायची आणि दुपारपर्यंत फक्त गोंडी ऐकायची. खेळणं गोंडीत, जेवणं गोंडीत, रागावणंसुद्धा गोंडीत. कारण त्यांच्या घरात आता मराठी होती आणि टीव्हीत हिंदी. ज्यांच्या तोंडी अजून भेसळ नाही अशी दोन जुनी माणसं संस्थेला हवी होती. गावात अशी दोनच निघाली, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी. हे संस्थेला कोणी सांगितलं नाही, कारण संस्थेने विचारलं नाही.

सोमाजी निवृत्त कोतवाल. आयुष्यभर गावात दवंडी दिल्यामुळे त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. अंगात तोच जुना खाकी शर्ट, हातात काठी. पोरांना पाणी प्यायला सोडायचं तरी ते समाजमंदिराच्या पायरीवर उभे राहून घोषणा करत, की समस्त लहानथोरांनी येर प्यायला चलावं, मागाहून तक्रार ऐकली जाणार नाही. येर म्हणजे पाणी. आमच्या वर्गात तेव्हा पाढे चाललेले असत आणि माझी निम्मी पोरं उठून उभी राहत. मी खिडकीतून डोळे वटारले की ते हात जोडत आणि म्हणत, "मी कायले वरडू गुरुजी, आवाजच वरडते."

समाजमंदिराच्या दारात त्यांनी मला कैक वेळा अडवलं आहे. आत मराठी न्यायची नाही. मी "नमस्कार" म्हटलं की काठी आडवी. "सेवा जोहार" म्हटलं की काठी वर. त्यापुढे मला गोंडी येत नसल्यामुळे मी आत जाऊन मुक्याने बसायचो. बसून बसून मला पोरापुरती गोंडी यायला लागली. जावा म्हणजे आंबील, गाटो म्हणजे भात, हिल्ले म्हणजे नाही. तिसरा शब्द सुकवारोबाईंच्या तोंडून फार वेळा ऐकला.

पोरं मात्र झपाट्याने शिकत होती, आणि ती या निरोपांमुळे. एरवी म्हातारी माणसं आपसांत बोलतात आणि पोरं बाजूला खेळत असतात. इथे पोरांशिवाय मोठ्यांचं पानही हलत नव्हतं. सरपण संपलं, एका पोराला ताप आहे, छपरात साप दिसला, काहीही असो, एक पोरगं मधे लागे. त्यात बिरजा नावाची पोरगी पटाईत होती. ती निरोपात स्वतःची भर घाली. सोमाजींचा फिका चहा तिच्याकडून जाताना "चहा फिका झाला आणि आजा रुसून बसला" असा होई.

एकदा मोहफुलांच्या दिवसांत दोघांचं मोठं वाजलं. सुकवारोबाईंचं म्हणणं, पोरांना सकाळी मोहाखाली न्यावं, फुलं वेचता वेचता ती शंभर शब्द शिकतील. सोमाजींचं म्हणणं, शाळा म्हणजे शाळा, घंटा वाजली की छपराखाली. सकाळभर पोरं इकडून तिकडे धावत होती. एक दमलं की दुसरं. शेवटी बिरजा कंटाळली. तिने सोमाजींना जाऊन सांगितलं, "ती म्हणते, तुझंच खरं." आणि सुकवारोबाईंना सांगितलं, "तो म्हणते, घेऊन जा." दुसऱ्या दिवशी सगळी शाळा मोहाखाली. सोमाजी काठी टेकून झाडाखाली उभे होते आणि मला सांगत होते, "पाहा गुरुजी, आयकलं ना तिनं शेवटी माझं."

शहरातून एकदा एक साहेब पाहणीला आले. दोन कार्यकर्त्यांमध्ये संवाद नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, दोघांना बसवलं आणि मनमोकळं बोला म्हणाले. सुकवारोबाईंनी उठून आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. सोमाजी उठले आणि थेट बांधावर जाऊन उभे राहिले. साहेब गेल्यावरच ते परत आले. तोपर्यंत कोणाला जेवायला वाढलं गेलं नाही, कारण वाढा म्हणून सांगायला सोमाजी नव्हते आणि त्यांना बोलवायला जायचं तर पोरं बांधापर्यंत जाईनात.

मी सोमाजींना एकदा म्हणालो, "एवढा खटाटोप कशाला? कोंबडीला उद्देशून बोलायचं. सुकवारोबाई ऐकतील." काही ठिकाणी तसं करतात, हे मला माहीत होतं.

"करून पाह्यलं," सोमाजी म्हणाले. "कोंबडी जवाब घेऊन येत नाही. अन् मधातच उठून जाते."

मी हसलो. ते हसले नाहीत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाच-सहा वर्षं शाळा चालली. मग देवरीहून पिवळी गाडी यायला लागली. इंग्रजी शाळेची. टाय, बूट, पाठीवर दप्तर. पहिल्या वर्षी दोन पोरं गेली, पुढच्या वर्षी सात. आईबाप म्हणत, गोंडीचं का, ते तं घरी बी शिकतीन. घरी कोणी बोलत नव्हतं, पण मी कोणाला काय सांगणार? माझी मुलगी गोंदियात अशाच गाडीने शाळेत जात होती. सोमाजी मात्र रोज सकाळी त्या गाडीसमोर काठी आडवी धरून उभे राहत. ड्रायव्हर हॉर्न वाजवे, बाया हसत, पोरं खिडकीतून टाटा करत. ते बाजूला झाले की गाडी जाई. शेवटच्या दिवसांत समाजमंदिरात तीन पोरं उरली होती आणि सोमाजी तिघांसाठी पायरीवर उभे राहून समस्त लहानथोरांना पाणी प्यायला बोलावत होते. मग तीही गेली. संस्थेने खेळणी टेम्पोत भरून नेली. माझी बदली घराजवळ, कुडव्याच्या बाजूला झाली आणि मी बसमधून सुटलो म्हणून खूश झालो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी देवरीला एका लग्नाला गेलो होतो. दुपारी जेवण आटोपून, कोणाची तरी मोटरसायकल मागून घेऊन गावात गेलो. सोमाजी आणि सुकवारोबाई एकाच अंगणात राहत, हे मला माहीत होतं, पण त्या अंगणात मी कधी गेलो नव्हतो. इकडे एक दार, तिकडे एक दार, दोन चुली. इकडच्या दारात ते बसले होते आणि तिकडच्या दारात त्या तांदूळ निवडत होत्या. अंगणातून आडवी एक दोरी बांधलेली होती, सोमाजींच्या दारापासून हातपंपापर्यंत. मी वाकून आत गेलो. "सेवा जोहार," म्हणालो.

त्यांनी आवाजाकडे तोंड फिरवलं. "पलीकडचे गुरुजी," म्हणाले. आवाज बसला होता. कोतवालाचा आवाज बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"ही दोरी कशाची?"

"कोन्तरी कपडे वाळवाले बांधली असन. वाळवत तं कोनीच नाही. मले पंपावर जाले धराले बरी पडते."

मग त्यांनी सांगितलं, की उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि डाव्याचंही जाऊन राहिलं आहे. सात-आठ महिने झाले होते. मी विचारलं, सुकवारोबाईंना ठाऊक आहे का? ते म्हणाले, "कोन सांगन तिले?"

मी म्हणालो, गावात एवढी माणसं आहेत.

"मोठ्या मानसाच्या हाती असं सांगता येत नाही. गावभर होते. पोट्टे बरे. सांगतेत अन् इसरतेत." मग म्हणाले, "ते बिरजा आली होती एक डाव. तिले म्हनलो, जा सांग. उभी राह्यली, उभी राह्यली. मंग म्हने, मेरे को नहीं आता. अन् पळाली."

सुकवारोबाईंचे हात तांदळात चालू होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि नियमाप्रमाणे त्यांनी काहीही ऐकलेलं नव्हतं.

"शाळेत कायले आलो म्हनून तुमी मले इचारत होते ना," सोमाजी म्हणाले. मी कधी विचारलं होतं, मला आठवेना. "भाऊ होता तवा तोच मधात राहे. तिचं मले सांगे, माझं तिले. तो मेला. मंग शाळा निघेपर्यंत या आंगनात कोनी बोललं नाही, गुरुजी. ती तिकडे रांधे, मी इकडे रांधो. तिले दुसरं कोनी नाही, मले दुसरं कोनी नाही. संस्थेवाले आले अन् म्हनले, लाहान लाहान पोट्टे गोंडी बोलाले शिकवाचे हायत. मी म्हनलो, घ्या माझं नाव. तिचं बी घ्या."

एवढी वर्षं आम्ही त्या शाळेला भाषेची शाळा म्हणत आलो. ती होतीच भाषेची, पण एक माणूस तिथे रोज सकाळी आपल्या घरातल्या माणसाशी बोलायला जात होता.

"तुमाले येते ना थोडी?" त्यांनी विचारलं.

"पोरापुरती."

"तेवढी बस झाली."

आणि त्यांनी मला निरोप दिला, की तिले सांगा, डोळे गेले. मी उठलो. पन्नाशी ओलांडलेला, लग्नाचे कपडे घातलेला मास्तर. पाच हात चाललो, सुकवारोबाईंसमोर उभा राहिलो आणि मोडक्या गोंडीत बोललो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पदर ओढून त्यांनी जे उत्तर दिलं त्यातला निम्मा भाग मला समजला नाही. मी तोंडातल्या तोंडात घोकत परत आलो आणि जसं आठवलं तसं सोमाजींना म्हणून दाखवलं.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हने, माहीत हाय. मंग दोरी कोनासाठी बांधली मी, बकरीसाठी?"

मग त्यांनी हात वर करून ती दोरी चाचपली आणि धरूनच ठेवली. मला रडू आलं. ते त्यांना दिसणार नव्हतं म्हणून मी पुसलंही नाही.

त्यानंतर निरोपांवर निरोप निघाले. मागच्या भिंतीला ओल आली आहे. भावाची वर्षश्राद्धाची पूजा या सालीही राहिली. तुझा खोकला रात्री ऐकू येतो, औषध आण. तुम्ही रात्री चूल पेटती टाकून झोपता, एक दिवस घर जाळाल. मी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शब्द अडला की हाताने दाखवायचो, मग दोघंही आपापल्या जागी मला दुरुस्त करायचे. सुकवारोबाई एकदा तोंडाला पदर लावून हसल्या. ते मी सोमाजींना सांगितलं तर म्हणाले, हे तिनं सांगाले लावलं का? नाही ना? मंग कायले सांगता?

उन्हं उतरली. मोटरसायकल परत द्यायची होती आणि गोंदियाची बस गाठायची होती. मी तसं म्हणालो. सोमाजींनी मान हलवली. मग सवयीने पायरीवर सरळ बसले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "तिले सांगा, गुरुजी जाऊन राहिले."

त्या पाच हातांवरच होत्या. त्यांच्या हातातलं सूप केव्हाच थांबलं होतं. मी चालत गेलो, समोर उभा राहिलो आणि सांगितलं, की गुरुजी जात आहेत. त्यांनी खाली बघितलं. मग हळूच म्हणाल्या, त्यांना सांगा, ऐकलं मी.

मी परत गेलो आणि सोमाजींना सांगितलं, त्यांनी ऐकलं म्हणून.