बिनक्लचचे नाना

आमच्या धुळ्याच्या गल्लीतून एखादी मोटारगाडी गेली आणि गिअर बदलताना कर्रर्र वाजलं, की आमचे शेजारी नथूनाना स्वतःची दाढ धरून मट्‌कन खाली बसत. पहिल्यांदा मी घाबरून लवंगेचं तेल घेऊन धावलो होतो. नानांनी मला हातानंच थांबवलं.

"मनी दाढ ठीक शे, भाऊ. तिना दात गया!"

ती म्हणजे गाडी.

नाना कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिन सांभाळत. हंगाम संपला की जिनिंग बंद, आणि मग इंजिन सांभाळण्याऐवजी नाना इंजिनाबद्दल बोलत. घरात दुसरं माणूस नव्हतं. लग्न केलं नव्हतं. त्यामुळे बोलायला आम्ही शेजारी. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच, ते म्हणजे क्लच. कुठे नवराबायको भांडले, की "क्लच घसरना," म्हणजे घसरला. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी "क्लच घसरना." आमच्या घरी एकदा दूध नासलं, तेव्हाही नानांनी भांड्याकडे पाहून नुसती मान हलवली. ते काय म्हणणार होते ते आम्हाला कळलं.

दुसरी मोठी लढाई संपता संपता नाना कशाला तरी भुसावळला जाऊन आले, आणि तेव्हापासून तर बोलायची सोयच उरली नाही. तिथल्या यार्डात त्यांनी बोटीनं परदेशाहून आलेलं एक डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन पाहिलं होतं. कोळसा नाही, वाफ नाही. गिअर बदलायची भानगड नाही. आणि क्लच तर नाहीच नाही.

"मग चालतं कसं?" असं चुकून कुणी विचारलं, की त्याचा दिवस गेला. लग्नाची पंगत असो की न्हाव्याची खुर्ची, नाना तिथेच सुरू होत.

"सासरा सूनसंगे बोलस का? नही ना? तो सासूले सांगस, सासू सूनले सांगस. काम व्हई जास, आनि भांडन नही. तसंच हाई. डिझेल म्हंजे सासरा, डायनामो म्हंजे सासू, आनि चाकंजवळन्या इजन्या मोटरी म्हंजे सुना. डिझेल चाकले हात बी लावत नही!"

"सासू मधे आली की भांडण होत नाही म्हणे!" आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली. "नानांचं लग्न झालेलं नाही ते दिसतंच."

पण गोष्ट खरी होती. डिझेल इंजिन आपल्या ठिकाणी फिरतं आणि डायनामो फिरवतं. डायनामोची वीज तारांमधून चाकांजवळच्या मोटरींना मिळते, आणि त्या चाकं फिरवतात. आपल्या गाडीचं इंजिन उभ्या चाकाला जोडायचं म्हणजे क्लच अलगद सोडावा लागतो. जरा घाई झाली की गाडी एक गचका देते आणि मान टाकते. विजेच्या मोटरीचं उलट आहे. ती उभी असते तेव्हाच तिच्यात सगळ्यात जास्त जोर असतो. म्हणून तर ती डब्यांची अख्खी माळ जागेवरून हलवते. हे सांगताना नानांचा आवाज खाली येई.

"थांबेल ऱ्हास तव्हयच बठ्ठा जोर ऱ्हास, भाऊ."

आता हुसेनबद्दल सांगायला हवं. हुसेन हा नानांचा जिवाभावाचा दोस्त. लढाईआधी त्याची धुळे-शिरपूर भाड्याची गाडी होती, आणि त्याच्या डाव्या हाताची जागा नानांची. जिनिंग बंद असलं की नाना दिवसभर त्या जागेवर बसून त्याच्या गिअरांवर टीका करत जात-येत. मग हुसेन लष्करात ट्रक चालवायला गेला आणि डावा पाय गुडघ्यापासून तिकडेच ठेवून परत आला. क्लच दाबायचा पाय तो. गाडी लिंबाखाली उभी राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. हुसेन ओट्यावर बसून राही आणि गाडीकडे पाठ करी. शेवटी त्यानं सोनगीरच्या एका मोडवाल्याला, म्हणजे भंगार घेणाऱ्याला, बोलावणं धाडलं: बाजारच्या दिवशी ये आणि गाडी घेऊन जा.

नानांनी ते ऐकलं आणि सरळ बिनक्लचची गाडी बांधायला घेतली.

गावात तंबूतला सिनेमा आला होता. त्याच्या मालकाला काय थापा मारल्या देव जाणे, पण त्याचं ऑइल इंजिन आणि डायनामो नानांनी दिवसापुरतं मिळवलं. ते धूड गाडीत मावेना, म्हणून बैलगाडीवर चढवलं. हुसेनच्या गाडीची गिअरपेटी काढून तिथं कुठूनशी आणलेली विजेची मोटर बसवली. पुढे हुसेनची गाडी, मागे बैलगाडी, मधे तारा. सगळी गल्ली गोळा झाली. हुसेनला हाताला धरून स्टिअरिंगच्या चाकापुढे बसवलं. इंजिन धडधडलं, नानांनी खटका ओढला आणि गाडी खरोखरच हलली. अगदी अलगद, पण मागे. तारा उलट्या जोडल्या होत्या. गाडी आपल्या अंगावर येते आहे हे पाहून बैल जे उधळले ते तारा तोडून, धडधडत्या इंजिनासकट बाजारपेठेत शिरले. त्यांच्यामागे सिनेमाचा मालक रडत धावला.

धूळ खाली बसल्यावर नाना म्हणाले, "उलटी गयी, पन गचका लागना का?"

सगळे हसले. हुसेन हसला नाही. कुबड्या घेऊन तो गुपचूप ओट्यावर जाऊन बसला.

बाजारच्या दिवशी मोडवाला हजर. नानांनी गिअरपेटी परत बसवून ठेवली होती. गाडी सोनगीरपर्यंत आम्हीच पोचवतो म्हणत त्यांनी मोडवाल्याला मागे बसवलं, मलाही बसवलं, स्वतः आपल्या जुन्या जागेवर बसले, वहाण काढली आणि उजवा पाय लांब करून क्लचवर ठेवला.

"हुसेन, तू चाक धर. क्लच मी शे."

"मले कव्हय पाहिजे, ते तुमले कसं समजी?"

"तू नुसतं हां म्हन."

नदीपर्यंतच्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. हुसेन 'हां' म्हणे तेव्हा नाना दाढ धरण्यात गुंतलेले असत. पांझरेच्या फरशीपुलाशी रेडिएटर उकळला. नाना डबा घेऊन पाण्याला उतरले, तेव्हा हुसेन चाकाकडे बघत मला म्हणाला, "भाऊ, नाना भुसावळले कशाले गयथात, सांगं का तुमले? मले घर आनाले."

लष्कराच्या दवाखान्याच्या आगगाडीतून त्याला उतरवत होते. नानांनी एकदा त्याच्या पायाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. समोर ते नवं इंजिन उभं होतं. त्यावरच्या माणसाला नानांनी भरल्या आवाजात विचारलं, याचा क्लच कुठे असतो? तो म्हणाला, याला क्लच नसतोच. "तव्हयपाईन नाना हसाले लागनात," हुसेन म्हणाला.

इंजिनाची गोष्ट नानांनी गावभर सांगितली होती. ही एवढीच राहिली होती.

नाना आले, पाणी ओतलं, निघालो. देवपूरच्या चढावर निम्म्यात गाडी बंद पडली. हुसेननं हातब्रेक ओढला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ऱ्हाऊ द्या, नाना. गाडी घी जाऊ द्या त्याले."

"थांबेल ऱ्हास तव्हयच बठ्ठा जोर ऱ्हास," नाना म्हणाले. "हां म्हन."

मोडवाल्यानं उतरून हँडल मारलं आणि पटकन आत येऊन बसला. हुसेननं कपाळ पुसून चाक घट्ट धरलं. मग तो म्हणाला, "हां."

गाडी हलली. कधी हलली ते कळलंसुद्धा नाही. वर पोचल्यावर हुसेननं गिअर बदलला. नानांचा हात सवयीनं दाढेकडे गेला होता. आवाज आलाच नाही. तो हात त्यांनी हळूच हुसेनच्या खांद्यावर ठेवला.

मागून मोडवाला म्हणाला, "गाडी ऱ्हाऊ द्या तुमले. आते मले नुसतं सोनगीरले उतारी द्या."

नाना मान वळवून माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"दखं का, भाऊ? डिझेल-इलेक्ट्रिक!"